शांत बसणारी मुलं

द्वारका,

तू गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले. परवा आमच्या मंडळाच्या बैठकीत तुझ्यासाठी सगळ्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या. अध्यक्षबाईंनी ठराव वाचला. त्यात 'सेवाभावी' आणि 'हसतमुख' असे दोन शब्द होते. सेवाभावी ठीक आहे, पण हसतमुख तू कुठली? पाच वर्षांत तुला मोकळं हसताना मी तीन-चार वेळाच पाहिलं असेल, आणि त्यातलं एक हसणं एका मुलीने दुसऱ्या मुलाला चावा घेतला म्हणून होतं. ते ठरावात कसं बसणार? म्हणून हे वेगळं लिहितेय.

आपली पहिली भेट चांगली झाली नव्हती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आमच्या मंडळाने बालवाडी काढून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मी बालशिक्षणाचा वर्ग पुरा करून नुकतीच लागले होते. रोज पार्ल्याहून अंधेरी, अंधेरीहून बस, आणि शेवटी वाळत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांमधून चालत गावकीच्या खोलीपर्यंत. बत्तीस मुलं होती, तीन ते सहा वर्षांची. माझी मुलं ओळीत बसतात, हात मांडीवर ठेवतात, गाणं म्हणायला सांगितलं की म्हणतात, याचा मला फार अभिमान होता.

तू पालिकेच्या दवाखान्यातली नर्स. देवीची लस टोचायला आलीस. पायरीवर पत्र्याची पेटी ठेवलीस आणि दारातूनच सगळ्या ओळी बघितल्यास. मग दुसऱ्या ओळीतल्या मुलीकडे बोट केलंस.

"ही कोण?"

"यमुना," मी म्हटलं. "माझी सगळ्यांत गुणी मुलगी. बसवली की जागची हलत नाही."

तू आत आलीस, तिच्यासमोर उकिडवी बसलीस आणि तिच्या पावलावर अंगठा दाबून धरलास. अंगठा काढलास तरी खळगा तसाच राहिला. तिचे केस चिमटीत धरून उजेडात बघितलेस. तांबूस, कोरडे केस. मला वाटत होतं, समुद्राच्या वाऱ्याने होत असतील.

"ह्यां गुणी नाय गो बाई," तू म्हणालीस. रागावलीस की तुझी मालवणी बाहेर यायची, हे मला नंतर कळलं. "ह्येच्यात हलूचो जीव नाय."

बत्तीस मुलांसमोर मला हे ऐकावं लागलं. त्या दिवशी तू टोचायला घेतलंस आणि पहिल्या चौघांच्या रडण्याने बाकीची मुलं खिडकीतून, दारातून पळाली. दुसऱ्या दिवशी नऊच आली. चार महिने घरोघर फिरून मी जमवलेली मुलं तू एका सकाळीत घालवलीस, असं मला वाटलं. यमुनाच्या पावलावरचा खळगा मी पाहिला होता, पण रागाच्या भरात तो बाजूला ठेवला.

आता जे सांगणार आहे ते तुला मी कधी सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मी अध्यक्षबाईंना पत्र लिहिलं. दवाखान्याच्या परिचारिकेने बालवाडीच्या वेळात येऊन मुलांना घाबरवू नये, तिने आपल्या दवाखान्यात बसून काम करावं, असं. अध्यक्षबाईंची वरच्या कचेरीत ओळख होती. आठवड्याभरात तुला लेखी समज मिळाली की कामाच्या वेळात दवाखाना सोडायचा नाही. ते पत्र कुणी लिहिलं हे तू मला कधी विचारलं नाहीस. तुला माहीत नव्हतं म्हणून, की माहीत होतं म्हणून, हे आता कळायला मार्ग नाही.

मुलं हळूहळू परत आली. यमुना मात्र आली नाही. दोन आठवडे वाट पाहून मी तिच्या घरी गेले. आई मासळी घेऊन बाजारात, बाप होडीवर. घरात दहा वर्षांची हिरा होती, यमुनाची थोरली बहीण. तिच्या कडेवर सहा महिन्यांचा भाऊ होता, मधू. आणि यमुना ओट्यावर गोधडीत पडली होती. तोंड सुजलेलं, डोळे अर्धे मिटलेले. चुलीशेजारी दुधाची किटली होती. बंदराजवळच्या दूधकेंद्रावर परदेशी पावडरचं दूध मुलांसाठी फुकट मिळायचं, त्यासाठी हिरा रोज तास-दोन तास रांगेत उभी राहायची.

"हे दूध यमुनाला देतेस ना?" मी विचारलं.

"देते ना बाय," हिरा म्हणाली. "चा करतो त्याचा. सगल्यांना देतो."

मी यमुनाला उचललं. चार वर्षांची मुलगी, पण हाताला वजन लागलं नाही. तिला घेऊन मी बसथांब्याजवळच्या तुझ्या दवाखान्यापर्यंत चालत आले. तुला दवाखान्यातच बसवून ठेवणारी मीच होते, आणि आता मीच दारात उभी होते. तू मान वर करून पाहिलंस आणि एवढंच म्हणालीस, "आत आणा."

तुमच्या डॉक्टरांनी तपासलं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवा म्हणाले. तू बाजारात तिच्या आईला बोलावणं धाडलंस. ती टोपली घेऊनच आली. हॉस्पिटलचं नाव ऐकून तिने मान हलवली.

"मी तिकडं बसली तर इकडं बाकीच्यांना कोन बघील? पोर खात नाय, मी काय करू?"

तू तिच्यावर आवाज चढवला नाहीस, याचं मला नवल वाटलं. तू तिला खाली बसवलंस, पाणी दिलंस, आणि डॉक्टरांशी बोललीस. शेवटी ठरलं की आठ दिवस इथेच करून पाहायचं. उकळलेल्या पाण्यात कालवलेलं दूध, थोडं थोडं, दर दोन तासांनी. पहिले दिवस चमच्याने. दवाखाना बंद झाल्यावर तू घरी जाऊन बघणार. पण दिवसभर कोण देणार, इथे येऊन सगळे थांबले. आई बाजारात. तुला दवाखाना सोडायला बंदी. हिराच्या कडेवर मधू.

"मी देईन," मी म्हटलं. "दिवसभर ती माझ्याकडेच राहील."

तू माझ्याकडे पाहिलंस. "तुला जमेल?" म्हणालीस. त्याआधी तू मला 'तुम्ही' म्हणत होतीस. मग मीही तुला 'तू' म्हणायला लागले.

अशी आपली सुरुवात झाली. आता लोक म्हणतात की औषध, आहार आणि शिक्षण एका जागी आणायची द्वारकाबाईंची योजना होती. योजना वगैरे काही नव्हती. एका मुलीला दर दोन तासांनी चमच्याने दूध द्यायचं होतं आणि ती माझ्या खोलीत होती, एवढंच. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तू धावत यायचीस. ती सुट्टी तुझी स्वतःची असल्यामुळे त्यावर कुणाला बोलता येत नव्हतं. तू आपला डबा बालवाडीच्या पायरीवर उघडायचीस, एक घास खायचीस आणि एका मुलाचे डोळे बघायचीस, पुन्हा एक घास, पुन्हा दुसरं मूल. मुलांना वाटायचं, ही बाई जेवायला येते. टोचायच्या पेटीची भीती त्यामुळे गेली.

सहाव्या दिवशी यमुनाची सूज उतरली आणि ती आणखीच लहान दिसायला लागली. मी घाबरले. तू म्हणालीस, "आता दिसतेय ती खरी यमुना. आजवर सुजेचं पाणी बघत होतीस."

त्याच पायरीवर बसून एकदा तू म्हणाली होतीस, "पोर एकच असतं गो. आपण त्याचे तीन तुकडे करून वाटून घेतलेत. अंग माझ्या दवाखान्यात, पोट दूधकेंद्रात आणि डोकं तुझ्याकडे. आईने दिवसाला तीन ठिकाणी जायचं कधी?" मी तेव्हा हसले होते. मग मीच अध्यक्षबाईंच्या मागे लागून दुधाचं पिंप बालवाडीत आणवलं. मुलांनी समोर बसून पेलाभर प्यायचं, घरी न्यायचं नाही. त्यावर बायका चार दिवस चिडून होत्या. "आता चा कशाचा करू?" यमुनाच्या आईने तुला भर रस्त्यात विचारलं. तू म्हणालीस, "काळा कर. मी तोच पिते." खोटं होतं ते. तुला दुधाशिवाय चहा चालायचा नाही. पण त्या दिवसापासून कोळीवाड्यात कुणी चहा विचारला की तू काळाच घेत राहिलीस, पाच वर्षं.

वजनाचा काटा मागितला तर मिळेना. तू बंदरावरून मासळीची तागडी आणलीस. एका पारड्यात लुगड्याची झोळी बांधून मूल ठेवायचं, दुसऱ्यात मापं. मापं कमी पडली की मुलं दगड आणायची, आणि दगड मोजता मोजता माझी मुलं वीसपर्यंत आकडे शिकली. ते श्रेय तू मला दिलंस. तागडीला मासळीचा वास होता आणि मुलं एकमेकांना विचारायची, "तू पापलेट का सुरमई?"

वासावरून आठवलं. दूध एवढ्यानं भागायचं नाही, हे तुझंच म्हणणं. "परदेशातली पावडर उद्या बंद झाली तर? ह्यांच्या अंगणात काय वाळतंय ते बघ." तू जवळा आणलास, भाजलास, कुटून त्याची पूड केलीस आणि भाताच्या पेजेत घातलीस. मुलांना ती द्यायची मी. आमच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावून पेज वाढली. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "नाक धरून वाढलंस तर पोरं पण नाक धरून खातील." मला फार लागलं ते. पण दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला. आई महिनाभर मला न्हाणीघरात हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. तिला मी एकदा यमुनाची गोष्ट सांगितली. त्यानंतर ती काही बोलली नाही. उलट एक दिवस नाचणीची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "ह्याची पण करून बघा."

आणि ती चाव्याची गोष्ट. यमुनाला आजारातून उठून दोन-अडीच महिने झाले असतील. लाल मण्यांवरून भांडण झालं आणि ती शेजारच्या मुलाच्या दंडाला चावली. दात उमटले. मी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं. तू दुपारी आलीस तेव्हा मी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

"चावली?" तू विचारलंस. "जोरात?"

"रक्त आलं थोडं."

तू पायरीवर बसलीस आणि हसत सुटलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मुलाच्या दंडाला औषध लावतानाही हसत होतीस. मग यमुनाला कोपऱ्यातून बोलावून तिचे दात बघितलेस. तेव्हापासून शांत बसणारं मूल दिसलं की मी आधी त्याचे पाय बघते. हे मला बालशिक्षणाच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मधूचं सांगायला हवं.

यमुना बरी झाली, पण हिरा रोज बालवाडीच्या खिडकीबाहेर मधूला कडेवर घेऊन उभी राहायची. नुसती तीच नाही, तिच्यासारख्या पाच-सहा जणी. आतली गाणी ऐकायच्या, ओठ हलवायच्या. आई बाजारात, म्हणून लहान भावंडं त्यांच्या अंगावर, म्हणून त्या शाळेत नाहीत. तू म्हणालीस, ह्या कडेवरच्या मुलांना पण आत घे.

"आमचा नियम तीन वर्षांपुढचा आहे," मी म्हटलं.

"तिसऱ्या वर्षापर्यंत अर्धी मुलं बिघडलेली असतात. मग तू काय शिकवणार त्यांना?"

"द्वारका, मी शिक्षिका आहे. आया नाही."

हे वाक्य मी बोलले. तू डबा बंद केलास आणि दवाखान्यात गेलीस.

त्या पावसाळ्यात कोळीवाड्यात जुलाबाची साथ आली. बालवाडीतली मुलं उकळलेलं पाणी प्यायची. आजारी पडली तीही, पण सगळी वाचली. मधू तीन दिवसांत गेला. एका वर्षाचाही झाला नव्हता. तू त्याला पाणी देत बसली होतीस, पण तुला कळवलं तेव्हाच उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी तू मला बोल लावशील म्हणून मी तयारीत होते. तू एवढंच म्हणालीस, "रोज खिडकीत होता तो."

पुढच्या महिन्यात हिराचं नाव शाळेत घातलं. सांभाळायला कुणी उरलं नव्हतं ना. तिची पाटी बघून तू मला म्हणालीस, "एक पोर मेलं तेव्हा एका पोरीला शाळा मिळाली. असं किती वेळा करणार आपण?"

त्यानंतर आपलं भांडण त्या एकाच गोष्टीवर राहिलं. मी नाही म्हणत नव्हते. मी म्हणत होते की मंडळाची मंजुरी हवी, पाळणे हवेत, एक बाई हवी, जागा हवी. तू म्हणायचीस, आधी मुलं घे, मग बाकीचं येतं. मी म्हणायचे, असं होत नसतं. चार वर्षं हे चाललं. दर वर्षी मी मंडळापुढे विषय मांडायचे, दर वर्षी तो पुढच्या वर्षावर जायचा, आणि मी तुला येऊन सांगायचे की या वेळी निदान चर्चा झाली. मला ते पुरेसं वाटायचं. तुझ्या चेहऱ्यावरून कळायचं की तुला नाही.

मग तुला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसत होते तरी तू आठ दिवस दवाखान्यात येत राहिलीस. इतरांना विश्रांती घ्या म्हणून दटावणारी तू. अंधेरीला तुझ्या भावाच्या खोलीवर मी शनिवारी दुपारी आले होते. वहिनींनी उसाचा रस दिला होता, तो तसाच होता. तुझा हात माझ्या हातात होता आणि पहिल्यांदाच तू तो काढून घेतला नाहीस. त्या पत्राबद्दल बोलायचं मी वाटेत ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवले होते. पण तू आधी बोललीस.

"कडेवरच्या पोरांचं काय झालं?"

"पुढच्या बैठकीत घेतायत विषय."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "मालती, तू सारखी त्यांना विचारतेस कशाला? दार तुझ्याच हातात आहे ना?"

"तू आधी बरी हो. मग भांडू."

हे आपलं शेवटचं बोलणं. पत्राचं राहिलं. मंगळवारी सकाळी तुझा भाऊ बालवाडीत सांगायला आला. मी मुलांना दूध वाढत होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर मी खाली बसले. यमुना आता नऊ वर्षांची आहे, शाळेत जाते, पण सकाळी मदतीला येते. तिने माझ्या हातातून पळी घेतली आणि विचारलं, "सिस्टर आता टोचायला येणार नाय?" मी नाही म्हटलं. ती खूप वेळ माझ्याजवळ बसून राहिली.

तुझ्यावर राग आहे माझा थोडा. स्वतःची नाडी कधी बघितली नाहीस म्हणून. आणि आभार मानायचे राहिले ते कसे मानायचे हेही कळत नाही. तुझ्यामुळे मी चांगली शिक्षिका झाले म्हणावं, तर तू म्हणशील, मूल जगलं का ते सांग. सांगते. गेल्या चार वर्षांत बालवाडीतलं एकही मूल गेलं नाही. बाहेरच्यांची यादी आपल्या दोघींनाही पाठ आहे.

काल सोमवार होता. मी बालवाडी उघडली आणि नेहमीसारखं खिडकीकडे पाहिलं. पाच पोरी होत्या, पाच कडेवर. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "आत या. मुलांना इथे ठेवा आणि शाळेत जा." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांच्यातल्या गुलाबने, ती आठेक वर्षांची असेल, बहिणीला माझ्या हातात दिलं. बाकीच्यांनीही चटईवर ठेवली. पाचही मुलं एकदम रडायला लागली. माझ्या मोठ्या मुलांनी ओळी मोडल्या आणि ती बघायला गोळा झाली. सकाळभर एक गाणंही धड झालं नाही. एकाने चटई ओली केली, एकीने मण्यांचा डबा उपडा केला. तुझ्या जागी आलेली नवी नर्स दुपारी दारातून हे सगळं बघत होती. अगदी पोरसवदा आहे. मी म्हटलं, "नुसती बघू नकोस. त्या रडणाऱ्याला घे आधी."

त्यानंतर अध्यक्षबाई आल्या. कुणीतरी कळवलं असणार.

"मालतीबाई, हे कुणाच्या परवानगीने?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्यांनी पुष्कळ ऐकवलं. ते सगळं लिहीत नाही. शुक्रवारी बैठक आहे, मला बोलावलंय. बघू.

संध्याकाळी मुलांना न्यायला पोरी आल्या. गुलाब सगळ्यांत शेवटी आली, हातात कुणाची तरी जुनी पाटी. वर्गात काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "उभी राहिली. बसायला जागा नव्हती." उद्या जाणार का विचारलं तर मान डोलावली. सकाळी ती पहिल्यांदा शाळेकडे निघाली तेव्हा मी दारातून बघत होते. कडेवर कुणी नव्हतं, तरी कंबर एका बाजूला काढून, तशीच वाकडी चालत गेली.